शंभर फील्ड

"थुंकी नको, बेडका हवाय! छातीतला! हे काय आणलंयस, चूळ भरलेलं पाणी?"

आत्याचा आवाज खिडकीतून निघाला, बाकावर बसलेल्या सात-आठ जणांच्या डोक्यावरून गेला आणि रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याने पंक्चर काढता काढता मान वर केली. खिडकीशी उभा असलेला ट्रकचा ड्रायव्हर हातातली प्लास्टिकची डबी पाठीमागे लपवायला लागला.

"बाई, पहाटेपासून खोकतोय. एवढंच निघालं."

"एवढंच निघालं नाही, एवढंच काढलंस. उद्या उठल्या उठल्या चूळ भर, घराबाहेर उघड्यावर जा, दोनदा खोल श्वास घेऊन सोड, तिसऱ्यांदा धरून ठेव, आणि मग पोटातून खोक. लाजू नकोस. आजार काही लाजत नाही."

"बायकोपण असंच ओरडते, बाई."

"मग तिचंच ऐकायचंस ना. माझा घसा तरी वाचला असता."

बाकावरचे सगळे हसले आणि हसता हसता खोकले. नवीन डबी घेऊन ड्रायव्हर गेला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा डबीत जे हवं ते होतं, आणि त्यात जंतूही होते. त्याची औषधं सुरू झाली. पण त्याच्याकडे मी नंतर येते.

मी तेव्हा खिडकीच्या आतल्या बाजूला मास्क लावून बसलेली असायचे. शाळा सुटली की थेट तिथे. माझ्याबद्दल फार सांगत नाही, कारण गोष्ट आत्याची आहे. एवढंच सांगते की वर्षभरापूर्वीपर्यंत वर्गात हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा माझी दातखीळ बसायची. बाई दोन-दोनदा नाव घ्यायच्या आणि शेजारची मुलगी माझ्या वतीने हजर व्हायची. आत्याने एक दिवस मला खिडकीत उभं केलं आणि म्हणाली, "आज नंबर तू पुकार." पहिला नंबर फक्त खिडकीच्या गजांना ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी बाकापर्यंत पोचला. चौथ्या दिवशी सायकलवाल्याने मान वर केली. त्या दिवसापासून आत्या मला भोंगा म्हणायला लागली आणि मला ते इतकं आवडलं की मी वहीवरही तेच लिहिलं.

आत्याचं काम एका वाक्यात सांगायचं तर ती वीस वर्षं एकाच भोकातून बघत बसली होती. सरकारी केंद्राची ती मागची खोली. लोक तिला खोकल्याची खोली म्हणायचे. एक टेबल, एक बेसिन, एक सूक्ष्मदर्शक, एक पंखा जो हवा आत घेण्याऐवजी बाहेर फेकायचा. माणसाचा बेडका काचेच्या पट्टीवर पसरायचा, वाळवायचा, त्यावर लाल रंग ओतायचा आणि खालून ज्योत फिरवायची. वाफ निघाली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. मग आम्ल. आम्लाने सगळ्यांचा लाल रंग उतरतो, फक्त या जंतूंचा उतरत नाही. शेवटी निळा रंग. मग त्या काचेवर तेलाचा थेंब टाकून बघायचं: निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काड्या दिसल्या की माणसाला क्षय आहे.

भिंगातून एका वेळी जेवढं गोल दिसतं त्याला आत्या फील्ड म्हणायची. एक फील्ड बघून झालं की काच जराशी सरकवायची आणि डाव्या अंगठ्याने स्टीलचं छोटं यंत्र दाबायचं: टिक. सभेच्या दारात माणसं मोजतात ना, तसलं यंत्र. आम्ही त्याला टिकटिक्या म्हणायचो. एकही काडी दिसली नाही तरी शंभर फील्ड बघितल्याशिवाय 'नाही' लिहायचं नाही. तुरळक असतील तरी शंभर. प्रत्येक फील्डमध्ये चार-पाच दिसत असतील तर पन्नास पुरतात. आणि गर्दीच असेल, दहा-बारा-पंधरा, तर वीस फील्डनंतर थांबलं तरी चालतं. म्हणजे टिकटिक जितकी लांब, तितकं बरं.

बाकावरच्या लोकांना हे माहीत नव्हतं. त्यांना उलटंच वाटायचं. टिकटिक लांबली की एखादी म्हातारी पदर तोंडाशी धरायची: "फार वेळ बघतायत हो बाई. काहीतरी सापडलंय." आणि वीसला थांबली की लोक सुटल्यासारखे पाय पसरायचे. मला आतून ओरडून सांगावंसं वाटायचं. आत्या नुसती डोळे वटारायची.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात मी क्षयाचा जंतू मांडायचं ठरवलं होतं. मागच्या व्हरांड्यात चहा पिताना मी विचारलं, "आत्या, म्हणजे हा जंतू फुप्फुस कुरतडतो ना?"

"दात कुठायत गं त्याला? महा आळशी प्राणी आहे. स्वतः काहीच करत नाही." तिने बशी पायरीवर ठेवली. "तो छातीत शिरला की आपली पहारेकरी पेशी येते आणि त्याला गिळते. गिळून एका पिशवीत कोंडते. दुसरे जंतू तिथेच खलास. हा पठ्ठ्या मेणाचा कोट घालून आलेला असतो. मरत नाही. गप्प बसतो. आणि त्याच्या भिंतीत असतात बारीक पंप. त्या पंपातून तो प्रथिनं बाहेर सोडतो."

"प्रथिनं तर चांगली असतात."

"आपली आपल्याला चांगली. त्याची त्याला. त्यातली दोन फार खास आहेत. नवरा-बायकोसारखी, एकमेकांचा हात धरल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. ती बाहेर पडली की पिशवीला भोकं पडतात. पिशवी फाटली की पेशी मरते. आणि मरताना ती शेजारणींना हाका मारते."

"पेशी हाका मारते?"

"रसायनांनी मारते. तुझ्यासारखी नाही. मग शेजारच्या पेशी धावत मदतीला येतात आणि त्याला तेच हवं असतं. येईल तिच्यात तो शिरतो. सगळ्या मिळून त्याच्याभोवती गाठ बनते, गाठ आतून कुजते, फुप्फुसात पोकळी पडते. जी मदतीला आली तिनेच त्याची खोली बांधून दिली. आणि एक दिवस ती पोकळी श्वासाच्या नळीत फुटते." आत्याने मूठ तोंडासमोर धरली आणि बोटं फुलासारखी उघडली. "खोकला. पुढच्या घरी."

मी वही काढून भराभर लिहीत होते. "आणि लस?"

"लशीतला जंतू याचा चुलतभाऊ. नाकीडोळी साधारण तसाच, फक्त तो पंप नाही त्याच्याकडे. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवता वाढवता गळून गेला. म्हणून तो ओळख करून देतो आणि निघून जातो. घर फोडत नाही."

"हे सगळं तुला शिकवलं कोणी?"

"कोण शिकवणार? डॉक्टर जुनी मासिकं टाकून देतात, मी उचलते. ज्याचं रोज तोंड बघायचं त्याची जरा चौकशी करायला नको?" असं म्हणून ती हसली, हसता हसता खोकायला लागली आणि उठून व्हरांड्याच्या टोकाला गेली. परत आली तेव्हा रुमाल घडी करत होती. "तो लाल रंग. वाफ घशात बसते मेली."

घरी सगळ्यांना हेच माहीत होतं: रंगाची वाफ. आई एकदा म्हणाली होती, "ताई, दोन महिने झाले की." त्यावर बाबा म्हणाले होते, "तिला काय सांगतेस तू? तिचा धंदाच आहे तो." संपलं. घरातच क्षयाचं सगळं कळणारं माणूस असल्यावर तिच्या खोकल्याबद्दल बोलणार कोण?

माझी प्रतिकृती जमत आली होती. पेशी म्हणून मोठा पारदर्शक फुगा, पिशवी म्हणून प्लास्टिकची थैली, जंतू म्हणून लाल मातीच्या काड्या, आणि पंप म्हणून हात धुण्याच्या साबणाच्या बाटलीचं डोकं. दाबलं की निळं पाणी चिळकन उडायचं. ढब्बूला ते फार आवडायचं. ढब्बू म्हणजे माझा भाऊ, आठ महिन्यांचा. माझ्यानंतर चौदा वर्षांनी झालेला, म्हणजे घरातला विनोदच. मी एकदा वळून बघते तर त्याने एक जंतू तोंडात घातलेला. आईने बोट घालून तो काढला आणि मला जे बोलली ते मी लिहीत नाही.

आत्या दारात उभी राहून हे बघत होती आणि हसत होती. आधी ती घरी आली की हातपाय धुऊन पहिलं ढब्बूला उचलायची, वर फेकायची, झेलायची. आता दारातूनच हात हलवायची. "कपड्यांना रंग लागलाय रे माझ्या," म्हणायची. झोपायलाही गॅलरीत जायची, खिडक्या सताड उघड्या टाकून. आत उकडतं म्हणे. हे सगळं मला दिसत होतं. डोळ्यांना दिसणं आणि कळणं यांत फरक असतो, एवढंच म्हणते.

मग दोनशे सतरा नंबरची काच.

प्रदर्शनात दाखवायला मला दोन काचा हव्या होत्या, एक जंतू असलेली, एक नसलेली. रंगवलेल्या काचेवरचे जंतू मेलेले असतात, त्यामुळे डॉक्टरांनी होकार दिला होता. आत्या खिडकीत कोणाला तरी झापत होती. मी 'नाही'च्या खोक्यातून हाताला आली ती काच उचलली, तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला.

लाल काहीच नव्हतं. पण निळंही चुकीचं होतं. छातीतल्या बेडक्यात बारीक, दाट, गर्दी केलेल्या पेशी दिसतात. इथे होत्या मोठमोठ्या, पसरट, एकेकट्या, कडा दुमडलेल्या. गालाच्या आतल्या. हे मला आत्यानेच शिकवलं होतं: पसरट दिसली की लाळ, आणि लाळ तपासायचीच नाही, परत मागवायची. वीस वर्षांत तिने लाळेची एक काच पुढे जाऊ दिली नव्हती.

मला काय आनंद झाला! आत्याची चूक! मी रजिस्टर ओढलं आणि ओरडले, "आत्या, सापडलीस! दोनशे सतरा! लाळ आहे ही, आणि तू 'नाही' लिहिलंयस! कोण आहे हा लब्बाड..."

बोट ओळीवर होतं. बाई. वय त्रेचाळीस. पत्ता आमचा.

आत्याने खिडकीची फळी खाली ओढली. बाहेर कोणीतरी "अहो बाई" म्हणालं. ती आली, माझ्या हाताखालून रजिस्टर काढून घेतलं आणि मिटलं.

"हळू बोल."

आत्याने मला हळू बोल म्हटलेलं ते पहिल्यांदा.

"तू लाळ का दिलीस?"

"वर्षातून एकदा सगळ्या कर्मचाऱ्यांनी द्यावाच लागतो नमुना."

"ते नाही विचारलं मी. आणि स्वतःची काच स्वतः बघायची नसते. तूच सांगितलंस."

ती स्टुलावर बसली. तिच्या मनगटाची हाडं मला तेव्हा दिसली. "भोंग्या, ऐक. मी पॉझिटिव्ह निघाले की ही खोली बंद. दुसरं कोणी येईपर्यंत महिना जाईल, दोन जातील. बाहेर बसलेत ना, ते तीन बस बदलून मोठ्या दवाखान्यात जाणार नाहीत. घरी बसतील आणि खोकत राहतील."

"आणि तू?"

"मी काळजी घेतेय. ढब्बूच्या जवळ जात नाही. तुला मास्क लावायला लावते. खिडक्या उघड्या ठेवते."

"म्हणजे तुला माहितीये."

 टिकटिक्या हातात घेऊन उगीच शून्यावर आणत बसली. तो शून्यावरच होता.

"तुझं प्रदर्शन होऊ दे," ती शेवटी म्हणाली. "मग बघू."

मी हो म्हटलं. बाहेरच्या लोकांसाठी म्हटलं, हे खरं. तिच्या मनगटाकडे बघून म्हटलं, हेही खरं. पण आत्याच्या सहीशिवाय सूक्ष्मदर्शक आमच्या शाळेत येणार नव्हता, आणि शाळेतल्या एकाही मांडणीत खरा सूक्ष्मदर्शक नव्हता. तेही होतंच त्यात. प्रदर्शनाला एकोणीस दिवस होते.

त्या एकोणीस दिवसांत आत्याचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग मधूनमधून फाटायला लागला. खिडकीतून ती ओरडली की सायकलवाला मान वर करेनासा झाला. मी जास्त नंबर पुकारायला लागले.

प्रदर्शनाच्या दिवशी मी काय बोलले! सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला ज्वालामुखी करणाऱ्या मुलांनी ज्वालामुखी थांबवला. परीक्षक म्हणून निवृत्त प्राध्यापक आले होते, दोन्ही कानांत यंत्रं. मी बोलायला लागल्यावर त्यांनी एक यंत्र काढून खिशात ठेवलं. मी पंप दाबला, निळं पाणी उडालं, थैली फाटली, फुगा फुटला, लाल काड्या टेबलभर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"छान," प्राध्यापक म्हणाले. "एक सांग. जंतू पेशीत सुखाने बसला होता. कोणी मारत नव्हतं, खायला-प्यायला होतं. मग राहतं घर तो फोडतो कशाला?"

उत्तर मला येत होतं. मी तोंड उघडलं आणि समोर बघितलं. दाराशी आई उभी होती, कडेवर ढब्बू. तिच्या बाजूला आत्या, रुमाल तोंडावर. ढब्बूने आत्याला बघून दोन्ही हात पसरले आणि आईच्या कडेवरून अख्खा तिच्याकडे झुकला. आत्या एक पाऊल मागे सरली. आई हसत पुढे झाली. तिला वाटलं गंमत चाललीय. आत्या आणखी मागे सरली, आणखी, आणि मग मागे भिंत होती.

"बाळ?" प्राध्यापक म्हणाले.

"कारण गप्प बसून राहिलं तर त्याला पुढच्या घरी जाता येत नाही," मी म्हणाले. किती हळू बोलले असेन, तर त्यांनी खिशातलं यंत्र काढून परत कानात घातलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं.

पहिलं बक्षीस मिळालं. ते मी कपाटात मागच्या बाजूला ठेवलंय.

संध्याकाळी गॅलरीत आत्या एकटी बसली होती. मी केंद्रातून आणलेली रिकामी डबी तिच्यासमोर धरली.

"थुंकी नको," मी म्हणाले. "बेडका हवाय. छातीतला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला, आणि तो कितीतरी वेळ थांबला नाही. थांबला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या आईला होता. तुझ्याएवढी होते मी. शेवटचे चार महिने तिचा आवाज गेला होता. पाणी हवं असलं की चमच्याने पलंगावर वाजवायची." रुमाल उलटा केला. "खोली बंद पडेल हे खोटं नव्हतं हं. पण तेवढंच नव्हतं."

"मला माहितीये."

"तुला काय माहितीये? पंधरा वर्षांची चिमुरडी." पण डबी तिने घेतली.

सकाळी ती अंगणात गेली, चूळ भरली, दोनदा खोल श्वास घेऊन सोडला आणि तिसरा धरून ठेवला. मी खिडकीतून बघत होते. वीस वर्षं लोकांना सांगितलं तस्संच, एकही पायरी न गाळता.

काच तिनेच रंगवली. उकळी फुटू दिली नाही. मग स्टुलावरून उठली आणि मला बसवलं. "स्वतःची स्वतः बघायची नसते. उद्या डॉक्टर बघतीलच. आज तू मोज."

पहिल्याच फील्डमध्ये मला निळं फारसं दिसलंच नाही. टिक. मी काच सरकवली. टिक. ती माझ्या मागे उभी होती आणि मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी मनात म्हणत होते की जरा पुढे कमी होतील. टिक.

"थांब, भोंग्या," ती म्हणाली. "वीस झाले."

तिने रजिस्टर उघडलं, स्वतःच्या नावापुढे लाल पेनाने तीन अधिकची चिन्हं काढली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर न घालता थांबली.

पुढचं सरळ सांगते. आईने मला विचारलं, "तुला माहीत होतं?" मी म्हणाले, एकोणीस दिवस. तिने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. बाबांनी घरातली एकेक खिडकी उघडली. उघड्या होत्या त्याही बंद करून पुन्हा उघडल्या. माझ्या छातीचा एक्स-रे फोटो स्वच्छ निघाला, आई-बाबांचाही. ढब्बूच्या छातीच्या फोटोत एक ठिपका होता. डॉक्टर म्हणाले, लहान आहे ठिपका, वेळेत सापडला, सहा महिने औषध दिलं की जाईल. किती वेळेत, ते मी विचारलं नाही. रोज सकाळी आई त्याचं नाक दाबते आणि मी औषध ओतते. तो मला बघून रडतो आता, आईला बघून नाही.

आत्या म्हणाली होती तसंच झालं. खोली सात आठवडे बंद राहिली. लोक येऊन फळी वाजवून जायचे. मग नवीन बाई आली. तरुण, बारीक आवाजाची, जाड चष्म्याची.

आत्याचा आवाज परत आला नाही. जंतू स्वरयंत्रापर्यंत गेले होते. ती कुजबुजते, आणि मला तिच्या ओठांवरून समजतं. दुसऱ्या महिन्याच्या नमुन्यात जंतू होतेच. डॉक्टर म्हणाले, एवढ्या गर्दीत थोडे मागे राहतात, घाबरू नका. पाचव्या महिन्याचा नमुना महत्त्वाचा. तेव्हाही असले, तर ते या औषधांना जुमानत नाहीत. मग दुसरी औषधं, जास्त मुदतीची, आणि त्यांचा भरवसा कमी.

पाचव्या महिन्याच्या त्या सकाळी मी शाळेत गेले नाही. आत्याने डबी खिडकीत दिली. नवीन बाईने ती उजेडाकडे धरून बघितली आणि मान हलवली: चालेल. तिला आत्या कोण हे ठाऊक होतं. ती जरा अवघडली होती.

"ताई, तुम्ही घरी जा ना," ती म्हणाली. "दीड तास लागेल. दोनच नमुने आहेत, पण लागेलच तेवढा वेळ."

आत्याने बाकाकडे बोट दाखवलं. आम्ही बसलो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला तो ट्रकचा ड्रायव्हर होता. त्याच्या औषधांचा शेवटचा महिना, शेवटचा नमुना. गाल भरले होते. त्याने आत्याला आधी ओळखलंच नाही. मग एकदम उठून उभा राहिला.

"बाई! तुम्ही? इकडच्या बाजूला?"

आत्याने मास्कच्या आतून काहीतरी म्हटलं.

"आवाज कुठे गेला तुमचा?"

आत्या कुजबुजली. त्याला ऐकू आलं नाही, म्हणून मी मोठ्याने सांगितलं, "म्हणते, तुझ्यावरच संपला."

तो हसला आणि हसू मध्येच सोडून खाली बसला.

पंख्याचा आवाज येत होता, मग बेसिनचा नळ, मग आम्लाचा वास. मग स्टूल सरकलं. नंबराप्रमाणे पहिली काच ड्रायव्हरची. टिक. टिक. नवीन बाईचा अंगठा आत्याच्या निम्म्या वेगाने चालत होता. वीस गेले. चाळीस गेले. ड्रायव्हर गुडघा हलवायला लागला. साठ झाले तसा त्याला घाम फुटला.

"फार वेळ लागतोय," तो म्हणाला. "काहीतरी सापडलं वाटतं तिला."

वीस वर्षांत आत्याने बाकावरच्या कोणाला ते सांगितलं नव्हतं. आता तिने हात लांब करून त्याच्या बाहीला धरलं आणि मास्क कानाजवळ नेण्याऐवजी मान फिरवून माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. "मोज," मी म्हणाले. "साठ झालेत, शंभरपर्यंत मोज. जितकी जास्त तितकं चांगलं."

तो मोजायला लागला, ओठ हलवत, लहान मुलासारखा. शंभरला टिकटिक थांबली. 'नाही' टेबलावरच्या निळ्या पेनाने लिहायचं, लाल पेन कप्प्यात असायचं. आत कप्पा उघडल्याचा आवाज आला नाही, आणि खिडकीतून कागद सरकला आणि त्यावर 'नाही' होतं. तो आत्याच्या पायाशी वाकायला लागला. तिने त्याला हाताने झटकलं: जा, जा.

पण तो गेला नाही. आता त्याला माहीत झालं होतं. तो बाकाच्या टोकाला टेकून उभा राहिला.

आत स्टूल पुन्हा सरकलं. टिक.

आत्याने डोळे मिटले. मी तिचा हात धरला. हाताला अजून त्या लाल रंगाचा डाग होता, नखाच्या कडेला, कधीच न जाणारा. टिक. टिक. मध्ये मोठा खंड पडायचा. दिसलेलं मोजून होईपर्यंत अंगठा थांबतो. मला ते खंड ऐकायचे नव्हते. अठरा. एकोणीस. वीस.

एकवीस.

मी तिचा हात दाबला. ड्रायव्हरने वर बघितलं. तीस. पस्तीस. रस्त्यापलीकडे सायकलवाला टायरमध्ये हवा भरत होता आणि मला त्याचा राग आला. बेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास.

पन्नास.

एकावन्नची मी वाट बघितली. हवेचा पंप थांबला. आत कप्पा उघडला, आणि पेनाचं टोपण काढल्याचा टक्क आवाज झाला. ड्रायव्हर मान खाली घालून चपलेकडे बघत होता.

आत्याने डोळे उघडले. माझ्या हातातून हात सोडवून घेतला, रुमालाची घडी घातली आणि माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. मी तिच्या ओठांऐवजी खिडकीकडे बघत होते, म्हणून तिने पुन्हा सांगितलं.

"चांगलं बघते पोरगी," ती म्हणाली. "घाई केली नाही. पुरे पन्नास बघितले."

मग मास्क नाकावर नीट बसवला, आणि आपला नंबर पुकारायच्या आधीच उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.